घरात किती लागतं, असं विचारणारा माणूस

जमलेल्या मायबाप मंडळींनो, आन् दिगंबररावांच्या घरच्या काकू,

बाईमाणसानं सभेत उभं राहून बोलायची आमच्या शिरडात रीत न्हाई. पण दिगंबरराव गेले, आन् आज गप बसले तर जन्मभर मनाला लागंल. दोन शब्द ऐकून घ्या.

मी कौसाबाई. थोडी मेंढरं आन् कोरडवाहू रान, एवढाच आमचा संसार. लढाईच्या सालात सरकार गावोगावचं धान्य लेव्ही म्हणून नेत होतं. कोणत्या घरी खायला किती ठेवायचं, ते ठरवायला तहसिलीतून दिगंबररावांना पाठवलं. घरोघरचा खर्च लिहून आणा म्हणले.

पहिल्या दिवशी ते चावडीत बसले. गडीमाणसांना विचारलं. आमचे भाऊजी म्हणले, "ज्वारी घरची, दूध घरचं. आमाला खर्च कशाचा?" त्यांनी तसंच लिहिलं. मग पाणी प्यायला आमच्या दारी आले, आन् तुमच्या घराला खर्चच न्हाई म्हणले, तसं मला हसू आलं.

"काहून हसता, बाई?"

"घरची ज्वारी फुकट येती व्हय? खाल्ली की कणगीतून सरतीच की! आन् मीठ, घासलेट, लेकराचं अंगडं... ते भाऊजींना काय ठावं?"

दुसरा कुणी असता तर रागावला असता. यांनी तो कागद माझ्यासमोर फाडला. म्हणले, "बराबर आहे. विचारायचा माणूस मी चुकलो."

मग आठ दिवस येत राहिले. उंबऱ्याबाहेर बसायचे. दळायला घेतलेलं धान्य मापून बघायचे. कोण किती जेवलं ते लिहायचे. सगळ्यांचं झालं, मग म्हणले, "आन् तुमी?"

"उरंल ते."

"उरंल ते म्हंजी किती?"

मंडळी, लग्न होऊन कितीक वर्सं झालती. हे मला कुणी विचारलं न्हवतं. सासूनं न्हाई, आईनं न्हाई. त्या दिवशी अर्धी भाकर उरली होती, आन् मी पोटुशी होते. त्यांनी अर्धी लिहिली. मग बाजूला दुसरा, मोठा आकडा लिहिला. मी विचारलं, हे काय? म्हणले, "खाल्लं किती ते एक, लागतं किती ते दुसरं. दोन्ही लिहिल्याबिगर हिशोब खरा न्हाई."

वरचे साहेब म्हणले, लागतं ते खोडा, खातात तेवढंच ठेवा. यांनी खोडलं न्हाई. म्हणले, "मी डोळ्यानं पाहून आलो, साहेब." त्यापायी त्यांची बढती गेली, लांबच्या गावी बदली झाली. हे मला काल काकूंकडून कळलं. एवढ्या वर्सांत त्यांनी कधी तोंडातून काढलं न्हाई.

आन् आमचं काय झालं? लेव्हीच्या गाड्या आल्या, तवा आमच्या कणगीत त्या न खोडलेल्या कागदापरमाणं धान्य राहिलं. गावातल्या बऱ्याच घरी राहिलं. तवा पोटात होती ती माझी लेक जगली. ती बघा, तिथं काकूंच्या बाजूला बसलीय.

काकू, तुमच्या मालकांनी आमची चूल राखली, आन् त्याची झळ तुमी सोसली. तुमचे उपकार आमी कसे फेडावे? फिटणार न्हाईतच. पण शिरडात तुमचं माहेर आहे, एवढं ध्यानात असू द्या.

आता सगळे उभे राहा. बायांनो, तुमीपण, मागं लपू नका. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

दिगंबरराव, आमा सगळ्यांचा रामराम घ्या.