एक सूप खोलीचं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय सालेहाआपा, ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो त्या साखराबाई, व्यासपीठावर खुर्ची असूनही दुसऱ्या रांगेत बसलेले मिलचे मॅनेजर सिद्धरामभाऊ, डाळ निवडणाऱ्या माझ्या सगळ्या बहिणी, त्यांच्या घरची मंडळी आणि मघापासून सभागृहभर पळणारी चिल्लीपिल्ली, सर्वांना नमस्कार, सलाम आणि जयभीम.

माझी ओळख 'आमच्या वकील मॅडम' अशी करून दिली गेली. एक दुरुस्ती करते. मी वकील नाही. ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवते, मिलच्या मागच्या गल्लीत राहते आणि कुणी सांगितलं तर अर्ज लिहून देते. ते अर्ज मंजूर होतातच असंही नाही.

निरोप म्हटला की 'सेवानिवृत्ती' हा शब्द ओघाने येतो. भाषणाच्या टिपणात मीही तो लिहिला आणि खोडला. कामावर घेतल्याचं पत्र ज्यांना कधी मिळालं नाही, त्यांनी निवृत्त कशातून व्हायचं? साखराबाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत आणि त्या रेणापूरला लेकीकडे राहायला निघाल्या आहेत. खरं आहे ते एवढंच. पण एवढ्यासाठी आज मिलमधल्या सगळ्याजणी सुट्टीच्या दिवशी नव्या साड्या नेसून आल्या, त्याला कारण आहे.

बाहेरून आलेल्या मंडळींसाठी ते सांगते. आपल्या मिलला फाटक एक, वजनकाटा एक आणि मालकही एकच. भिंतीवर पाट्या मात्र तीन, तीन वेगळ्या फर्मच्या. पन्नास कामगार असतील तिथे पाळणाघर हवं, असं कायदा म्हणतो. आपल्या बायका तीन पाट्यांखाली वाटल्या की प्रत्येक पाटीखाली पन्नासला थोड्या कमीच भरतात. म्हणून लेकरांच्या झोळ्या वर्षानुवर्षं मशीनच्या धुरळ्यातच टांगलेल्या असायच्या.

तक्रारीचा अर्ज मी लिहिला. तपासणीला साहेब आले. त्या दिवशी सकाळीच सगळ्यांना तीन फर्मच्या तीन रंगांचे ॲप्रन वाटले आणि तीन कोपऱ्यांत बसवलं. बंदोबस्त चोख होता. पण निवडणाऱ्या बायकांची एक रीत आहे, ती कुणाच्या ध्यानात आली नाही. इथे प्रत्येकीची जोडीदारीण ठरलेली असते. एकीचा हात कामात असला की तिचं लेकरू दुसरीने बघायचं. साहेब मधोमध उभे असताना मनतशाची तान्ही लेक तूबा रडायला लागली. मनतशा पिवळ्या ॲप्रनमध्ये, तिची जोडीदारीण साखराबाई निळ्या. साखराबाई सवयीने उठल्या, सगळं अंगण ओलांडून पिवळ्या कोपऱ्यात गेल्या आणि तूबाला खांद्यावर टाकलं. त्यांचं बघून आणखी चारजणी उठल्या आणि रंग सगळे एकमेकांत मिसळले.

साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही या फर्मच्या नाही ना?"

साखराबाई म्हणाल्या, "सायेब, लेकराला फर्म नसती. भूक लागल्याली हाय."

साहेब हसले. मला वाटलं, जमलं. आणि निकाल आला तो असा, की नोंदण्या तीन आहेत, सबब आस्थापना तीन आहेत, सबब पाळणाघर लागू नाही. त्या साहेबांना मी दोष देत नाही. कायद्याने त्यांना पाटी वाचायला सांगितली होती, ती त्यांनी वाचली.

पुढचं मी केलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. ऐन तुरीच्या हंगामात एका सकाळी साखराबाईंनी सगळ्या झोळ्या सोडल्या आणि मिलच्या थंडगार ऑफिसात नेऊन बांधल्या. मालकाच्या टेबलाच्या डाव्या अंगाला एक, उजव्या अंगाला एक, तिजोरीच्या कडीला एक.

सिद्धरामभाऊ धावत आले, "मावशी, हे काय करायलाव?"

"तीन फर्मचं ऑफिस एकच हाय न्हवं? मंग लेकरं बी एका जागी ठिवली."

दुपारपर्यंत बारदान्याची, म्हणजे रिकाम्या पोत्यांची, खोली लेकरांसाठी मोकळी झाली. तिला चुना सिद्धरामभाऊंनी स्वतःच्या हाताने दिला, हेही आज सांगितलं पाहिजे.

पण खोलीत लेकरांना सांभाळणार कोण? मजुरी तर निवडलेल्या डाळीच्या वजनावर. तेव्हा ठरलं, की संध्याकाळी प्रत्येकीने आपल्या राशीतून एक सूप साखराबाईंच्या राशीत ओतायचं. मिलच्या लेखी साखराबाई डाळ निवडत होत्या. प्रत्यक्षात त्या तुमची लेकरं निवांत झोपवत होत्या.

हे बरोबर आहे का? मालकाने द्यायचं ते कामगारांनी आपल्याच सुपातून का द्यावं? मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटत नाही. सालेहाआपांना मी तसं बोललेही होते. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमाला पटंस्तोवर लेकरू शाळंत जाईल."

तूबा आता खरंच शाळेत जाते.

रोज थोडं लिहायची मला सवय आहे. खोली मिळाली त्या दिवशी मी 'आपण जिंकलो' असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते खोडून 'सध्या खोली मिळाली' असं केलं. ही दुरुस्ती किती खरी होती ते आज सकाळी कळलं. सिद्धरामभाऊ मला दारातच भेटले आणि म्हणाले, "मॅडम, कार्यक्रम उरकला की मावशीकडची किल्ली तेवढी माझ्याकडं द्या. मालक म्हणतेत, मावशी चालल्या, आता खोलीत बारदाना ठिवायचा."

मी "बघू" म्हणाले. सभ्य माणसं अडचणीत तेच म्हणतात. आता सर्वांसमोर नीट उत्तर देते.

ती खोली कायद्याने आपली आहे का? नाही. मी कलमं पुन्हा वाचली. तीन पाट्यांची मिल एकच आहे, हे सिद्ध करायला मी वरच्या कार्यालयात पुन्हा अर्ज केला आहे आणि तो फेटाळला तर आणखी एक करणार आहे. पण तोवर लेकरांनी कुठे झोपायचं, हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. ते इथे बसलेल्या बायकांनी ठरवलं आहे. उद्यापासून खोली आपल्यातलीच महामाया सांभाळेल आणि संध्याकाळचं सूप तिच्या राशीत पडेल. तूर यायला लागली आहे. उद्या खोलीला कुलूप दिसलं, तर झोळ्या कुठे बांधायच्या हे साखराबाईंनी सगळ्यांना शिकवून ठेवलं आहे.

सिद्धरामभाऊ, तुमच्यावर माझा राग नाही. तुमच्याकडे तरी नेमणुकीचं पत्र कुठे आहे? म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने विनंती करते, की आजचा मुख्य सत्कार तुमच्या हस्ते व्हावा. साखराबाईंकडून किल्ली घ्यावी आणि महामायाच्या हातात द्यावी.

या, या. चपला राहू द्या पायात.

सालेहाआपा विचारताहेत, "मालकाला काय सांगचाल, भाऊ?" भाऊ म्हणताहेत, "सांगतो की, मावशीनं दिली, मी निस्ती पोचवली."

दिली. महामाया, कनवटीला नीट खोच.

साखराबाई, रेणापूर लांब नाही, येत राहा. सभागृह देणाऱ्या मंडळाचे, चहा करणाऱ्या भगिनींचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. किल्लीबद्दल मात्र मी माफी मागत नाही. ती जिथे जायला हवी होती, तिथेच गेली.