शोकसभा झालेला पाहुणा

विमलाबाई : यानोशच्या फोटोवरचा हार काढा, दौलतराव. त्याच्या नातीचा फोन होता, रिक्षा वर्तकनगरला पोचलीय.

दौलत : मी नाय काढनार. ज्यानं घातला त्यानं काढावा.

विमलाबाई : तुम्हीच घातलात. विश्वमैत्री कला मंडळाच्या सगळ्या सभासदांसमोर.

दौलत : तवा तो मेलेला.

विमलाबाई : नव्हता मेला. हंगेरीला पाठवलेली दिवाळीची शुभेच्छापत्रं परत आली, म्हणून आपण तसं धरून चाललो. मंडळाचं कुठलंच काम कधी वेळेवर झालं नाही. शोकसभा तेवढी वेळेआधी झाली.

दौलत : आन् मी माईकवर रडलो. म्हटलं, मोहन्याच्या कारखान्यात इंजिनीअर होता, दर रविवारी हितं यायचा, माझी चित्रं तिकडं प्रदर्शनात लावतो म्हनून घेऊन गेला, एक बी परत नाय आलं. तरी मी त्याला माफ केलं.

विमलाबाई : टाळ्या पडल्या होत्या. शोकसभेत टाळ्या आपल्याच मंडळात पडतात.

दौलत : ती माफी मेलेल्याला होती, बाई. जित्याला नाय. मी ती मागं घेतो.

विमलाबाई : त्याला ठराव लागेल. ठरावाला पाच सभासद लागतात. आता चालते-फिरते आपण दोघंच.

दौलत : मस्करी नको. त्यानंतर मी ब्रश धरला नाय. खाडीवर आय जालं विनत बसलीय, असं एक चित्र होतं त्यात. आय गेली तवा घरात तिचा एक फोटो नव्हता. भिंतीवर लावायला पन नाय.

विमलाबाई : ...हे तुम्ही माईकवर बोलला नव्हतात.

दौलत : मेलेल्यापुढं काय गाऱ्हानं मांडायचं?

विमलाबाई : मग जिवंतापुढे मांडा. माफ करा असं मी म्हणणार नाही. सेक्रेटरी असले तरी.

दौलत : आन् हरवली म्हनाला तर?

विमलाबाई : तर हार परत घाला. स्टूल मी धरते.

(खाली रिक्षा थांबते. जिन्यावर काठीचा आवाज.)

दौलत : काठी घेतली वाटतं त्यानं.

विमलाबाई : तुमच्याच वयाचा आहे तो.

दौलत : ...धरा स्टूल. काढतो.

विमलाबाई : माफ केलंत?

दौलत : नाय. आयचं विचारायचंय. हार घातलेल्याला कसं विचारू?