घरी कोण असतं?

मंडळी, हरी म्हणा आणि नीट बसा. भिंतीला टेकलेत त्यांनी पाठ सोडवा. भिंत पडत नाही, मी बघते तिच्याकडे!

आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. पोटातली माया ओठावर आलीच नाही, तर ती पोचते का? देवाला पोचते, कबूल. तो आतच बसलाय. पण माणूस? माणूस तर बाहेर उभा असतो ना! सांगा की. आता का गप्प? एरवी माझ्या कीर्तनात भावकीचे सगळे विषय मिटवून घरी जाता!

बरं, मग ऐका.

आपल्याच भागातली गोष्ट. गोदाक्का आणि तिची सून शैला, घरात दोघीच. गोदाक्काचा नवरा कधीचाच गेलेला. लेक दत्तू द्राक्षांचा टेम्पो चालवायचा. लग्नाची हळद उतरली न उतरली, तोच फाट्यावर ट्रकखाली गेला. भावकी जमली. म्हणाली, पोर तरणी आहे, माहेरी धाडा. गोदाक्का काय म्हणाली? "माझी हाय ती. धाडायच्या असतील तर तुमच्या सुना धाडा!"

अशी बाई! त्या सुनेला तिनं नर्सिंगला घातलं. गाव बोललं, बोलू दिलं. शैला सिस्टर झाली, तालुक्याच्या दवाखान्यात लागली. आणि बाळंतिणीचं रक्त थांबेना झालं की डॉक्टर येईतोवर काय करायचं, यात तिचा हात असा बसला, असा बसला, की थेट नागपूरहून बोलावणं आलं! परिचारिकांचं अधिवेशन. कॉन्फरन्स म्हणतात त्याला. म्हणजे काय? अहो जत्राच! शिकल्या-सवरल्यांची. फक्त पाळण्याच्या जागी माईक असतो.

शैला धावत घरी आली सांगायला. ओसरीवर बायका पापड लाटत होत्या. शेजारची रत्नाबाई म्हणाली, "गोदाक्का, आता काय बाई! सून तुमची इमानातनं फिरंल!"

गोदाक्काचा ऊर भरून आला. भरून आला हो! पण तोंडातून काय पडलं? "फिरू दे की. घर म्हंजे तिची धर्मशाळाच झालीया. निजायला तेवढी येती."

बायका हसल्या. शैला दारात उभी. तिनं ऐकलं.

सासवांनो, खाली बघू नका, माझ्याकडे बघा! सुनेचं कौतुक तोंडातून निघालं तर काय दात पडतात? पण भीती वाटते. दृष्ट लागेल म्हणून वाईट बोलायचं, आणि वर म्हणायचं, मी मनातून बोलले नाही. ज्याला लागलं त्याला मन दिसतं का तुमचं?

झालं! अबोला. ताट वाढलं जाई, ताट उचललं जाई. मधे शब्द नाही. म्हातारी म्हणे, उद्या बोलीन. सून म्हणे, ती बोलली तर बोलीन. आणि उजाडला जायचा दिवस.

गोदाक्का पहाटे म्हशीची धार काढायला गेली. मनात ठरवलेलं — आज पोरीला जवळ घ्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा. चरवी घेऊन आत आली, आणि बघते तर काय? शैला खांद्याला बॅग लावून उंबऱ्याच्या बाहेर!

आता मारावी की नाही हाक? तुम्ही म्हणाल, मारावी. गोदाक्काचा जीव विचारा. दत्तू गेला त्या दिवशी तो असाच अंगणात होता, टेम्पो सुरू. हिनं मागून हाक मारली, "दत्तू, डबा राहिला रे!" पोरगा हसत परत आला, डबा घेतला, गेला. आणि फाट्यावर तो ट्रक! म्हातारीच्या मनात तेव्हापासून एकच — मी थांबवलं नसतं, तर माझं लेकरू त्या ट्रकच्या आधी फाटा ओलांडून गेलं असतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. शैला तेव्हा माहेरी होती, तिला काही ठाऊक नाही. पण जाणाऱ्या माणसाला गोदाक्कानं त्यानंतर मागून हाक मारली नाही. कुणालाच नाही.

मग पुढून जावं? मागच्या दारानं वळसा घालून समोर उभं राहावं? तेही नाही! का, तर आपण कुंकवाविना. चांगल्या कामाला निघालेल्याला आडवं जायचं नाही. अगं बाई, जाणारी तरी कुंकवाची आहे का! पण नाही. आणि हा नियम कुठल्या देवानं केला, तो देव मला एकदा दाखवाच! मी पण कपाळ मोकळं घेऊन तुमच्यासमोर उभी आहे. झाला का कुणाला अपशकुन? झाला असेल तर उठून जा.

शैला चपलेचा पट्टा लावत होती. लागलेला पट्टा पुन्हा काढत होती, पुन्हा लावत होती. आत भांड्याचा आवाज झाला, म्हणजे म्हातारी आत आहे, हे तिला कळलं. आता बोलेल. आता म्हणेल, नीट जा. मागं वळली असती तर दिसलं असतं, गोदाक्का तोंडात पदर कोंबून उभी होती. पण वळेल कशी? ताठा!

गेली. मिरजेला रेल्वेत बसली, नागपूरला उतरली. इकडे गोदाक्का रत्नाबाईच्या दारात. रत्ना म्हणाली, "लावू का फोन शैलाला?"

"नगं गं! कामाला गेलेल्याला फोन म्हंजे मागनं हाकच की ती."

घ्या! मोबाइल काल आला, त्यालाही म्हातारीनं शकुन चिकटवला!

तिकडे शैला माईकसमोर उभी राहिली. आणि बोलली. काय बोलली! मोठमोठ्या डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. टाळ्या पडल्या. तिनं बाहेर येऊन आधी फोन बघितला. घरून काही नाही.

जेवताना एका मोठ्या दवाखान्याच्या मेट्रनबाई ताट घेऊन जवळ आल्या. उभ्यानंच जेवायचं तिथं, बसायला बंदी असावी! म्हणाल्या, "शैला, आमच्याकडे ये. राहायला जागा देऊ, पुढं शिकवू. तुला अडचण काय? घरी कोण असतं?"

मंडळी, जीव कानात आणा. साधा प्रश्न. जिनं भावकीशी भांडून पोटाशी धरली, ती बाई शेणामातीच्या हातानं तिकडे वाट बघत बसलेली. आणि शैलानं सांगितलं,

"कुणी नाही."

...पेटी थांबव रे. थांबव जरा.

शैला परत आली. अंगणात पाऊल टाकते तोच आतून ओरड, "थांब! तिथंच थांब!" गोदाक्का भाकरतुकडा घेऊन पळत आली. ओवाळला, टाकला, पायावर पाणी घातलं. "आलीस बाई! आता बोलती. पोट फुगलं माझं!" आणि धरणाचं दार उघडावं तशी बोलली. दत्तूचा डबा, ती हाक, तो ट्रक, तोंडातला पदर, रत्नाचा फोन. "तुला वाटलं असंल, थेरडी रागाला आलीया. व्हय ना?"

शैलानं खांद्यावरची बॅग काढून उंबऱ्यात ठेवली.

नोकरीला तिनं दुसऱ्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. ते सोपं होतं. पण संध्याकाळी भाकरी थापता थापता गोदाक्कानं विचारलं, "एवढी मोठी मानसं भेटली. घरी कोण असतं, म्हणून इचारलंच असंल की कुणीतरी. काय सांगितलंस?"

तवा तापलेला. शैला सासूला आत्ती म्हणायची. म्हणाली, "सांगितलं, माझी आत्ती असते. तिनंच शिकवलं मला."

म्हातारीचा चेहरा! शैला सांगते, तसा चेहरा तिनं लग्नात सुद्धा पाहिला नव्हता. सकाळी गावभर झालं — दळणाच्या गिरणीत, दूध डेअरीवर, "माझं नाव नागपुरात घेतलं, माईकवरनं!" माईक तिनं पदरचा लावला. पुढं म्हातारी अंथरुणाला खिळली, तरी येईल त्याला तेच सांगायची. आणि शैला उशाशी बसून ऐकायची. मान हलवायची.

गोदाक्का हरीघरी गेली, त्यानंतर शैला माझ्याकडे आली. म्हणाली, "माई, तिला खरं सांगायला कितीदा तरी तोंड उघडलं. पण तिचं सुख कसं मोडू? आता सांगायला माणूस नाही. माझ्या नावासकट कीर्तनात सांगा." म्हणून सांगितलं.

आता कुणाला दोष देऊ? सासूनं मायेपोटी मौन धरलं, सुनेनं त्यात राग वाचला. दोघी खऱ्या, आणि मधे ते दोन शब्द, परत न घेता येणारे. मुकी माया देवाला पोचते, मंडळी. माणसाला पोचत नाही! पोचतो तो फक्त मुकेपणा.

तुम्ही माना डोलावताय. डोलावू नका! या मंडपात शेजारी शेजारी बसलेले, पण बोलत नसलेले किती आहेत, मला नावानिशी ठाऊक आहे. नावं घेऊ? नाही घेत. आरती थांबेल, प्रसाद कुठं जात नाही. देवालाही घाई नाही. आधी वळा त्या माणसाकडे आणि काहीही बोला. "जेवलास का?" एवढं म्हणालात तरी चालेल. मी उभी आहे. तुमचं झालं, की मग हरी म्हणू.