खिळ्यावरचा नान

मलोहत : खिळ्याला टांगलेला तो नान? तो मी मागेच काढला. किडे लागले होते त्याला. भिजवून कोंबड्यांना घातला. का हो?

शुहरत : कोंबड्यांना घातलास?

मलोहत : मग काय कचऱ्यात टाकू? अन्न आहे ते. मला वाटलं शोभेचा असेल, ताश्कंदमध्ये चहावाले टांगतात तसा.

शुहरत : अगं, त्याचा एक घास घेतलेला होता. दिसलं नाही तुला?

मलोहत : उंदरानं कुरतडला असेल म्हटलं... थांबा. कोणाचा घास?

शुहरत : घरमालकीणबाईंच्या मुलाचा, बोतिरचा. रशियाला कामावर निघताना उंबऱ्यात उभं राहून घेतलेला. उरलेला परत येऊन खायचा होता त्यानं. तुझा भाऊ लष्करात गेला तेव्हा नव्हता टांगला तुमच्याकडे?

मलोहत : टांगला होता. आई कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही. या अल्ला! आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?

शुहरत : घर देताना मालकीणबाई, सानोबरखाला, एवढंच म्हणाल्या होत्या, भिंतीवरचं काही हलवू नका. माझ्या डोक्यातून गेलं.

मलोहत : डोक्यातून गेलं! आणि शेजाऱ्याचा रेडा कुठल्या जातीचा ते बरं लक्षात राहतं!

शुहरत : हळू बोल. त्या आज अक्रोड न्यायला यायच्यात.

मलोहत : आज? मग झालंच. काढतील आपल्याला बाहेर. या झाडांत राहायला आल्यापासून पोरीचा खोकला थांबलाय हो. पुन्हा त्या हमरस्त्यावरच्या खोलीत नेऊ तिला? धूर खायला?

शुहरत : ऐक. एखाद्या नानाचा मी घास घेतो, शेगडीवर धरून वाळवतो, टांगून देतो. कोण बघतंय?

मलोहत : आणि पोरगा परत आला की तुमचं उष्टं खाईल? हिवाळ्यापासून त्याचा फोन लागत नाही म्हणतात. त्याला काही झालं तर?

शुहरत : कोंबड्यांनी नान खाल्ला म्हणून माणसाला काही होत नाही.

मलोहत : हे त्यांच्या तोंडावर सांगा.

(फाटक वाजतं.)

सानोबरखाला : कुठे आहात रे? अक्रोड पडून सडायला लागले, आणि तुम्ही घरात! पोरगी कशी आहे?

मलोहत : छान आहे, खाला. मागे खेळतेय. बसा, चहा टाकते.

सानोबरखाला : चहा नंतर. आधी आत जाऊन येते.

शुहरत : आत जरा पसारा आहे, खाला. आधी अक्रोड बघून घ्या ना.

सानोबरखाला : अक्रोड पळून चाललेत का? सर बाजूला.

मलोहत : खाला, नान नाहीये तिथे. मी काढला. ठाऊक नव्हतं मला, खरंच. कोंबड्यांना घातला.

शुहरत : चूक माझी आहे. तुम्ही बजावलं होतं, मीच हिला बोललो नाही.

मलोहत : खाला, शिव्या द्या. निघा म्हणालात तर निघतो.

सानोबरखाला : पाणी दे थोडं.

मलोहत : घ्या. सावकाश.

सानोबरखाला : बोतिरचा नान पहिल्याच हिवाळ्यात उंदरांनी संपवला.

मलोहत : काय?

सानोबरखाला : मग मी दुसरा टांगला, स्वतः घास घेऊन. तो किडला, की पुन्हा नवा. त्याच्या बहिणीलाही सांगितलं नाही, त्याला तर नाहीच. फोनवर विचारायचा, "आई, माझा नान आहे ना?" आहे म्हणायची.

शुहरत : म्हणजे हिनं काढला तो...

सानोबरखाला : माझा. दर खेपेला येते, बघते आणि घाबरते. वाटतं, मी खोटं बोलले म्हणूनच पोराचा आवाज बंद झाला.

मलोहत : असं नका म्हणू, खाला.

सानोबरखाला : ताजा नान आहे घरात?

मलोहत : आहे. आणू? चहाबरोबर?

सानोबरखाला : टांगायला आण. पण या वेळी घास तू घे, पोरी. माझ्या घासानं तो आला नाही.