जायफळ मी उगाळलं

माझा जन्म लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा, ताई. चार खाचरं भाताची आन आमी तिघं भाऊ, म्हणजे एकाला तरी नोकरी बघायलाच पायजे व्हती, म्हणून मी रेल्वेत लागलो, आधी रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये आन मग कीमन. कीमन म्हणजे काय सांगू तुमाला, रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकायचा आन खंडाळ्याच्या घाटात रूळ धरून चालायचं, रुळाला आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या ढिल्या झाल्या की ठोकायच्या. घट्ट चावीचा आवाज वेगळा, ढिलीचा वेगळा. तीस वर्सं मी तेच ऐकत चाललो. तितं लक्ष इकडं तिकडं गेलं की माणूस मेलाच, मागनं गाडी कधी आली ते कळायचंसुद्धा न्हाई. म्हणून आमच्या घरात लक्ष हा शब्द माझा. ताटातलं सांडलं, लक्ष कुटंय. सायकल पडली, लक्ष कुटंय. माझा पोरगा राजेंद्र म्हणायचा, आबा, तुमी देवळात गेला तरी देवाला विचाराल, लक्ष कुटंय तुझं.

हे आधी सांगतो कारण पुढचं सगळं ह्याच्यातनंच झालं. आन हे लिहून पायजे ते माझ्या सुनेसाठी, वैशालीसाठी. सात वर्सं तिच्या माथ्यावर एक दोष बसलाय, तो तिचा न्हाई. माझा हाय.

वैशाली तळेगावची, शिकलेली, बोलायला नीट. राजेंद्र सुदुंबऱ्याकडं कारखान्यात, पाळीवर जायचा. त्यांना ईश्वरी झाली तेव्हा आमची मंडळी जाऊन वरीस झालं व्हतं, तर मी म्हणालो, गेली तीच परत आली. पोर गोरीपान, गुटगुटीत, पण हाक मारली तर बघायची न्हाई. टाळी वाजवली, न्हाई. ताटली वाजवली, न्हाई. आधी वाटलं ऐकू येत न्हाई, पण कानांची तपासणी केली, कान चांगले. कान चांगले म्हणजे काय, लय चांगले, घाटात मालगाडी चढायला लागली की मला ऐकू यायच्या आधी ती दारात जाऊन उभी राहायची. पण ते मी हिशेबात धरलंच न्हाई. मग पुण्याला मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, स्वमग्न हाय. औषधाचा आजार न्हाई हा, शिकवत राहा, बोलण्याचा वर्ग लावा, खेळवा.

वर्ग लावला. वैशाली आठवड्यातनं तीनदा एसटीनं तळेगावला न्यायची. पण तुमाला सांगतो, औषधाचा आजार न्हाई म्हणलं की घरच्यांना जास्तच औषध सुचायला लागतं. कुणी म्हणालं गहू आन दूध बंद करा, तर सहा महिने पोरीला भाकरीच. कुणी म्हणालं घोड्यावर बसवा, त्यानं लक्ष लागतं, तर भुशी धरणाच्या वाटेवर सुट्टीला घोडे असतात, तितं नेली. पोर घोड्यावर बसली आन घोड्याच्या आयाळीत तोंड घालून हसली, खाली उतरायलाच तयार न्हाई. घोडेवाला म्हणाला, मावशी, हिचं लक्ष लागलं, आता माझ्या घोड्याचं उडालं. वैशाली किती दिवस त्यावर हसत व्हती. तांब्याचं कडं झालं, कानात तेल झालं. एका वैद्यांनी गुटी सांगितली, आपल्यात तान्ह्या पोराला देतात तशीच, सहाणेवर दुधात उगाळायची. वेखंड दोन वेढे, ब्राह्मी, जेष्ठमध, आन झोप नीट लागावी म्हणून जायफळ अर्धा वेढा. त्यांनी बजावून सांगितलं, वर्ग सोडू नका, आन जायफळाला हात आखडता ठेवा. वैशालीनं ते चिठ्ठीवर लिहून ओट्याच्या वर चिकटवलं व्हतं. मी रोज वाचायचो ती चिठ्ठी. म्हणजे मला माहीत न्हवतं असं म्हणायला जागा न्हाई.

आता ऐका. राजेंद्राच्या आतेबहिणीचा साखरपुडा आमच्या दारात ठरला. पाहुणे यायचे, आन ईश्वरी गर्दी बघितली की गरागरा फिरायची, किंचाळायची, कान दाबून धरायची. मला लाज वाटत व्हती. खरं बोलायला बसलोय तर खरंच बोलतो, पोरीची न्हाई, माझी लाज. कीमनची नात आन लक्ष न्हाई. वैशालीनं गुटीची वाटी करून ओट्यावर ठेवली आन ती अंघोळीला गेली. मी सहाण घेतली आन जायफळ उगाळलं. चार, पाच, सहा वेढे. मिसळलं वाटीत.

त्या दिवशी पोर दोन तास पाटावर बसली, ताई. एका जागी, एकीकडं बघत. पाहुणे म्हणाले, वैशाली, उपाय लागू पडला की गं तुझा, पोरीचं लक्ष लागाय लागलं. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्या पाया पडली, म्हणाली, आबा, बघा ना, बघा कशी बसलीय. मी आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी पोर परत फिरायला लागली, आन वैशालीचं तोंड उतरलं. तर मी परत उगाळलं. मग रोजच. मला वाटायचं चावी ढिली हाय, दोन ठोके जास्त दिले की बसंल. आठ दिवसांत जायफळ संपलं. वैशाली डबीत बघून म्हणाली, आबा, आख्खं जायफळ गेलं कुठं? मी म्हणालो, उंदरानं नेलं असंल. ती म्हणाली, उंदरांनाही झोप लागत नाही वाटतं आपल्या घरात. आन हसली. मीही हसलो, आन बाजारातनं नवं जायफळ आणून डबीत टाकलं.

मग एका सकाळी पोर उठली ती डोळे फाडूनच. तोंडाला कोरड, अंग तापलेलं, छाती अशी उडत व्हती की फ्रॉकवरनं दिसत व्हती, आन हातानं हवेतलं काहीतरी धरायला जायची. शेजारच्या जीपनं दवाखान्यात नेली. तितल्या डॉक्टरांनी विचारलं, काय दिलंय? वैशालीनं सगळं सांगितलं. जायफळ किती? अर्धा वेढा. डॉक्टर म्हणाले, एवढ्यानं असं होत नाही, नीट आठवा. ती म्हणाली, मीच उगाळते, रोज माझ्याच हातानं. मी तिच्या शेजारी उभा व्हतो, एवढ्या अंतरावर, आता तुमी बसलाय तेवढ्या. राजेंद्र कारखान्यातनं धावत आला आन दवाखान्याच्या लोकांदेखत तिला म्हणाला, तुझ्या गुट्या आन तुझी खुळं, पोर मारायला निघालीस तू. ती खाली बसली. माझ्या जिभेवर आलं व्हतं. आज सांगतो, उद्या सांगतो, पोर शुद्धीवर आली की सांगतो. चौथ्या दिवशी पोर घरी आली, देवानं वाचवली, आन मी म्हणालो, आता वाचलीच हाय तर कशाला.

पण तेवढ्यावर संपलं न्हाई. राजेंद्रानं सगळंच बंद केलं, घोडा बंद, वर्गसुद्धा बंद. म्हणाला, कुणाचाच उपाय नको माझ्या घरात. पोर तितं बोट दाखवून मागायला शिकली व्हती, पाणी पायजे तर तांब्याकडं बोट. दोन वर्सांत ते बोट गेलं. पुढं परत वर्ग लावला पण ती दोन वर्सं गेली ती गेलीच. वैशालीनं सहाण विहिरीत टाकली आन त्या दिवसापासनं पोरीला आपल्या हातानं घास भरवला न्हाई. स्वैपाक करायची, ताट वाढायची, पण भरवायचं राजेंद्रानं न्हाईतर मी. मी, ताई. जो हात पोरीच्या तोंडाशी न्यायला न्हाई पायजे व्हता, तोच रोज जायचा.

आन पोर माझ्या हाताकडं बघते. ती कुणाच्या डोळ्यांत बघत न्हाई, पण माझ्या हाताकडं बघते. मी उगाळायचो तेव्हा ती ओट्याखाली बसलेली असायची, डबे लावत. मला वाटायचं, हिला कुटं काय कळतंय, लक्षच न्हाई. तिचंच लक्ष व्हतं. आजबी आईनं वाढलेल्या ताटातलं खाते, पण मी वेगळं काही दिलं, खाऊ म्हणा, पेरू म्हणा, तर आधी वास घेते आन बाजूला ठेवते. घरात कुणालाच ह्याचा अर्थ लागला न्हाई. सकाळी चहा घेताना मला सहाणेचा आवाज येतो, तीस वर्सं कान ऐकायला लावलेले, ते आता बंद होत न्हाईत.

एवढं असून मी गप्पच राहिलो असतो. पण गेल्या महिन्यात लोणावळ्याची एक बाई लेकराला घेऊन वैशालीला विचारायला आली, तसंच लेकरू, तीनचार वर्सांचं. तिला कुणीतरी कसलीशी पुडी दिली व्हती, लक्ष लागायला. वैशाली तिला ओसरीवर बसवून म्हणाली, ताई, देऊ नका, मी माझ्या हाताने माझ्या पोरीला विष घातलंय, माझ्याकडे बघा आणि देऊ नका. ती बाई गेली. मी चौकटीला धरून उभा व्हतो. तितंच सांगितलं. पोरी, जायफळ मी उगाळलं.

ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, किती वेढे? मी म्हणालो, सहा, शेवटी शेवटी जास्त. ती म्हणाली, आबा, मी सात वर्षं तो अर्धा वेढा मोजतेय. मग म्हणाली, तोंडी नको, लिहून द्या, आणि ते ह्यांच्यासमोर वाचा. म्हणून तुमाला बोलावलं, शाळेतल्या तुमी, अक्षर चांगलं. राजेंद्र सहाला येतो. काय म्हणायचं ते म्हणंल, त्याचा हक्क हाय.

मी तिला सांगितलं त्याच दिवशी दुपारी वैशालीनं भात कालवला आन ईश्वरीपुढं बसली. घास केला, तोंडाशी नेला. पोर आता बारा वर्सांची. तिनं आईचा हात हळूच बाजूला सारला, ताट आपल्याकडं ओढलं आन आपल्या हातानं जेवाय लागली, नीट, सांडलं न्हाई काही. ती कधी शिकली, आमच्यातल्या कुणाच्या ध्यानातच आलं न्हवतं. वैशाली तो घास हातात धरून बसली, मग तिनंच खाल्ला.

माझ्यासाठी मी काही मागत न्हाई. तिचं भलं व्हावं. लिहिलं का एवढं? मग आणा हिकडं, सही करतो.