सोळा तारखेचा रस्ता

भाची : पण तीन तासांत एकही गाडी नाही, मामा? सकाळी सात ते दहा? या रस्त्यावरून?

मामा : कुठली तारीख म्हणालीस, ठमे?

भाची : सोळा. हे बघा, पंधराला याच वेळेत एकशे अठरा. सतराला एकशे चोवीस. आणि सोळाला भोपळा.

मामा : मग त्यांचा तो डबा बिघडला असेल. रस्त्यावर रबरी नळ्या आडव्या टाकायच्या आणि म्हणे गाड्या मोजायच्या. मी त्या मोजणीवाल्याला विचारलंसुद्धा, बाबा रे, म्हैस गेली तर काय मोजणार? म्हणाला, काका, त्याचा हिशेब कॉम्प्युटर करतो.

भाची : तलावाकाठी घरं बांधणाऱ्या बिल्डरच्या अहवालातही हेच लिहिलंय, 'यंत्र बंद'. पण मी मोजणीवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, मॅडम, डबा धडधाकट होता, रस्त्यावर गाड्याच आल्या नाहीत. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. म्हटलं, तलावावर रोज हजर असणारा माणूस आपल्या घरातला आहे, त्यालाच विचारू.

मामी : तिला आधी दोन घोट चहा घेऊ द्या. ऑफिसातून तडक आलीये पोरगी.

भाची : घेते मामी. सोमवारी बिल्डरच्या परवानगीच्या फाइलवर अभिप्राय द्यायचाय ना. तलावाकाठी दोनशे चाळीस घरं होणार. सकाळच्या एका तासात दीडशे गाड्या वाढणार, आणि त्यांना बाहेर पडायला हा एकच रस्ता. तो रस्ता तीन तास कुठे गेला होता, एवढं मला कळलं पाहिजे.

मामी : सोळा म्हणजे मी बँकेत निघाले होते तो दिवस ना हो? तुम्हीच म्हणालात, तलावाच्या रस्त्याचं फाटक लावलंय, पलीकडे जाता येणार नाही, उद्या जा.

मामा : हां. बरोबर. लावलं होतं खरं.

भाची : फाटक तुम्ही लावलंत? का?

मामा : रस्त्यावर पाणी आलं होतं म्हणून. वळणापाशी. फार नाही, घोट्याच्या थोडं वर. आदल्या रात्री वरच्या बाजूला धो धो पडला होता. दहाला ओसरलं, मी फाटक उघडलं. यात नवल काय?

भाची : नवल आहे. त्या दिवशी तुमच्या वहीत पाणी किती लिहिलंय?

मामा : काढ की वही. ती तिसरी, निळ्या पुठ्ठ्याची. एकतीस वर्षं रोज सकाळी सहाला तलावातली पाणी मोजायची पट्टी वाचतोय, एक दिवस खाडा नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा वाचून मग घोड्यावर बसलो.

मामी : आणि मांडवात पाऊण तास उशिरा आलात, तेही सांगा तिला.

भाची : सोळा तारीख... पाणी आठ फूट. मामा, तलावकाठचा रस्ता किती फुटांवर आहे?

मामा : नऊवर. रस्ता झाला तेव्हा इंजिनिअरसाहेबांनी माझ्यासमोर मोजून घेतलंय. पाण्याने नवाची खूण ओलांडली की फाटक लावायचं, असा नियमच आहे.

भाची : मग पाणी आठावर असताना नवावरच्या रस्त्यावर चढलं कसं?

मामा : रस्ता खचलाय. मी दोनदा कळवलं साहेबांना. मातीच्या ट्रकांनी खचला असणार.

भाची : साहेब काय म्हणाले?

मामा : बघू म्हणाले. साहेब काय म्हणणार?

भाची : पण बांधकाम खात्याने याच वर्षी रस्ता तपासलाय. कागद आहे माझ्याकडे. एक इंचही खचलेला नाही.

मामा : म्हणजे तुझं म्हणणं काय, माझी पट्टी खोटं बोलते?

मामी : अहो, आवाज कशाला चढवताय? ती विचारतेय फक्त.

भाची : मला खरंच माहीत नाही, मामा. म्हणून विचारतेय. बघा, तीन वर्षांपूर्वीपर्यंत दर पावसाळ्यात एकदा तरी साडेनऊ दिसतं. मग एकदम तीन वर्षं आठाच्या वर काही नाही. बिल्डरने तेवढंच उचललंय. अहवालात लिहिलंय, तलाव कमी होत चाललाय, पाणी आता आठाच्या वर येत नाही, म्हणून नवावर बांधायला हरकत नाही. सांडपाण्याच्या टाकीचं झाकणसुद्धा नवावरच ठेवलंय.

मामा : कमी होतोयच तो. मला काय आनंद आहे सांगायला? सगळ्यांना सांगत असतो, बाबांनो, तलाव आटत चाललाय, जपा. रोज सकाळी तो आकडा लिहिताना जीव तुटतो.

भाची : तीन वर्षांपूर्वी नक्की काय झालं? आठवतंय का काही?

मामा : काय होणार? हां, पट्टी बदलली. जुनी चिखलात रोवलेली होती, वाहून आलेला ओंडका आदळला आणि तुटली. नवी मीच बसवली. बाजूला चांगला कातळ आहे, त्यावर घट्ट बसवली, हलायला नको म्हणून. साहेब स्वतः पाठ थोपटून गेले.

भाची : तो कातळ तळापासून किती उंच आहे?

मामा : गुडघ्याएवढा असेल. म्हणजे...

मामी : काय झालं हो?

मामा : काही नाही. ठमाबाई, तुझ्याकडे मोजायला काही आहे?

भाची : गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणलीये गाडीतून. पाणी भरायचं, एक टोक रस्त्याच्या कडेला धरायचं, दुसरं पट्टीपाशी. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर येतं. रस्त्याची उंची पट्टीवर कुठे येते ते दिसेल. तुमचं बरोबर असेल तर ती नवावर यायला हवी.

(तलावाच्या काठावर. मामी नळीचं एक टोक घेऊन रस्त्याच्या कडेला, मामा आणि भाची पट्टीपाशी.)

मामी : धरलं गं. डांबराला टेकवून धरलंय. आता?

भाची : अजिबात हलू नका, मामी. पाणी थांबू दे. मामा, तुम्ही वाचा.

मामा : तू वाच.

भाची : एकतीस वर्षं वाचायचं काम तुमचं आहे.

मामा : साडेसात.

भाची : पुन्हा एकदा बघा, घाई नाही.

मामा : पुन्हा काय बघायचं? साडेसात आहे. नवावर यायला पाहिजे होतं ते साडेसातावर आलंय. पट्टी दीड फूट वर बसलीय. मी बसवलीय.

मामी : सोडू का मी? हात भरून आला.

भाची : सोडा, मामी. या इकडे.

मामा : म्हणजे सोळा तारखेला आठ नव्हतं. साडेनऊ होतं. रस्त्यावर अर्धा फूट, घोट्याच्या वर. डोळ्यांना दिसत होतं, पायाला लागत होतं, आणि मी वहीत आठ लिहिलं. रस्ता खचला म्हणालो, पण माझी पट्टी चुकली असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

मामी : एवढं काय त्यात? चुकतो माणूस.

मामा : थांब जरा. ठमे, म्हणजे तलाव आटत नाहीये?

भाची : नाही, मामा. जेवढा होता तेवढाच आहे.

मामा : तीन वर्षं... तीन वर्षं मी त्याच्याकडे बघून सुस्कारे टाकतोय. आणि हा गडी आपला होता तसाच.

मामी : मग हसताय काय? डोळे पुसा आधी.

भाची : मामा, आता अवघड भाग. हे मला लिहावं लागेल. पाणी साडेनवापर्यंत येत असेल, तर त्यांची सांडपाण्याची टाकी पावसाळ्यात बुडणार आणि ते पाणी तलावात येणार. गाव हेच पाणी पितं. रस्ता बंद झाला की दोनशे चाळीस घरं आत अडकणार, आजारी माणसालासुद्धा बाहेर काढता येणार नाही. 'यंत्र बंद' म्हणून मी पान उलटू शकत नाही.

मामा : उलटायला सांगतंय कोण?

भाची : तुमची पुढच्या महिन्यात निवृत्ती आहे. तुमचे साहेब मला म्हणाले, मामांच्या वह्या काचेच्या कपाटात ठेवणार, खाली नाव लावणार. सुनावणीत बिल्डरचा वकील तुम्हाला उभं करून विचारेल. तीन वर्षं चुकली, तर अठ्ठावीस कशावरून बरोबर? कपाट वगैरे राहील बाजूला.

मामी : मग हिने एकटीने लिहिलं तर नाही का चालणार? हिनेच शोधून काढलंय.

भाची : मी लिहीन, पण वकील म्हणेल, भाचीने आकडे बदलले. मामांनी स्वतः लिहून दिलं तरच ते टिकेल. त्यांना जमत नसेल, तर मी माझ्या ऑफिसातल्या साहेबांना सांगते की ही फाइल दुसऱ्या कुणाकडे द्या. तोही मार्ग आहे.

मामी : अहो, तुमचं काय म्हणणं?

मामा : लाज वाटतेय. खोटं कशाला बोलू? एकतीस वर्षांत लोकांना हेच सांगत आलो, माझ्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. पट्टी ज्या दिवशी बदलली ती तारीख वहीत आहे. त्याच्या आधीचं सगळं जसंच्या तसं. त्याच्या नंतरच्या प्रत्येक आकड्यात दीड मिळवायचा. बरोबर ना?

भाची : अगदी बरोबर. तेवढंच.

मामा : मग कागद काढ. तू लिही. मी सही करतो.

भाची : 'तीन वर्षांपूर्वी पाण्याची पट्टी बदलताना ती दीड फूट उंचावर बसवली गेली. त्यानंतरच्या सर्व नोंदींत दीड फूट मिळवून वाचावे.' ठीक आहे?

मामा : बसवली गेली म्हणजे? आपोआप बसली का?

भाची : सरकारी कागदात असंच लिहितात, मामा. कुणाचं नाव घालायची गरज नसते.

मामा : घाल. पुढे कुणाला शंका आली तर कुणाच्या दारात जाऊन विचारायचं, ते कळायला नको?