नाल्याकाठचा मुळा

शके १८७७च्या पौषात, गोंदिया स्थानकाच्या प्रतीक्षागृहात, नागपूरच्या डॉक्टरांकडून परतलेल्या सासू-सुना फुलचूरच्या बैलगाडीची वाट पाहत होत्या. सुनेच्या मांडीवर मिरगीचे झटके येणारी मुलगी निजली होती. परक्यांचे बोलणे ऐकणे अशिष्ट खरे. परंतु त्या हळू बोलत नव्हत्या.

"मी तं बाहेरच बसलो होतो. डाक्तर का म्हणे, रुख्मा?"

"किड्याची अंडी पोटात गेली, तं मेंदूत गाठ झाली म्हणे, आत्याबाई. गोळी सोडायची नाही. मागच्या खेपेले गोळी दिली, तवापासून महिन्याभरात झटका आला का एकतरी?"

"नाही आला. पण तो किडा तं डुक्कर खाणाऱ्याले होते. आपल्या घरी कोंबडीचं अंडं नाही शिजत."

"मीबी तेच म्हटलं. तं म्हणे, खाणारा दुसरा. त्याच्या मैल्यातली अंडी तुमच्या कच्च्या भाजीवर."

"आपली भाजीची वाडी तं नाल्यापाशी हाये."

"तिथंच अर्धं गाव परसाकडे बसते. मुळा उपटून, पदराले पुसून पोरीले कोण देते?"

"मीच देतो."

"अन् मिरगी माह्या माहेरची म्हणून दिवाळीपासून मले कायमची माहेरी धाडाले निघाल्या तुमी."

"आता कायले उकरून राहिली?"

"मी जाऊ का राहू, तेवढं सांगा."

"राह्य. रोग तुह्या माहेरून नाही आला. मीच मुळा धुतला नाही."